फुटबॉल क्लब, दारूचा गल्ला आणि मैदानाचा प्रश्न

हौशी फुटबॉल क्लब चालवायला पैसा लागतो आणि तो नुसती तिकिटं विकून येत नाही. मेलबर्नच्या उपनगरातल्या क्लबलाही हे लागू आहे आणि नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या सेक्टरांमधून खेळणाऱ्या पोरांच्या संघालाही. मग पैसा आणायचा कुठून? इंग्लंड, आयर्लंड, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया इथल्या असंख्य छोट्या क्लबांनी याचं उत्तर क्लबच्या बारमध्ये शोधलं. आपल्याकडे कायद्यानं आणि समाजानं ती वाट जवळजवळ बंद ठेवली. तरीही दारूचा पैसा आपल्या खेळापासून लांब राहिलेला नाही. तो जर्सीवरच्या नावातून येतो, स्पर्धेच्या कमानीवरून येतो, वर्गणीच्या पावतीपुस्तकातून येतो.

क्लब तगण्यासाठी हा पैसा खरोखर लागतो का, आणि नाही तर त्याच्या जागी काय, हे दोन प्रश्न इथे तपासायचे आहेत. जगभरचा अनुभव, महाराष्ट्राचा कायदा, कोल्हापूर-गोव्याचा इतिहास आणि ऐरोली-घणसोलीची आजची स्थिती एकत्र मांडली की एक गोष्ट ठळकपणे दिसते. हौशी क्लब दारूच्या उत्पन्नावाचून बंद पडत नाहीत. ते मैदानावाचून बंद पडतात.

बारवर उभे राहिलेले क्लब

पाश्चात्त्य देशांतल्या छोट्या क्लबचं अर्थकारण समजायला सोपं आहे. क्लबची स्वतःची किंवा नगरपालिकेकडून भाड्यानं घेतलेली एक छोटी इमारत असते. सामना संपला की दोन्ही संघ, पालक आणि गावातले चार प्रेक्षक तिथे जमतात. बारच्या मागे उभे राहणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात, त्यामुळे पगाराचा खर्च जवळजवळ नसतो आणि विक्रीतला नफा थेट क्लबच्या खात्यात पडतो. त्यातून प्रकाशझोतांचं बिल भरलं जातं, मुलांच्या संघाला जर्सी मिळते, गवताची निगा राखली जाते. इतक्या कमी कष्टात नियमित पैसा देणारी दुसरी सोय छोट्या क्लबकडे नसते. म्हणूनच ती सोडायला कुणी राजी होत नाही.

या देशांच्या सरकारांनाही ही अडचण नीट ठाऊक आहे. फ्रान्सनं १९९१च्या एव्हँ कायद्यानं दारूच्या जाहिरातींना आणि खेळातल्या प्रायोजकत्वाला चाप लावला, क्रीडांगणांवरची विक्रीही बंद केली. पण छोट्या क्लबांसाठी एक फट ठेवली. क्रीडा संस्थेला वर्षाला जास्तीत जास्त १० वेळा तात्पुरती परवानगी मिळते आणि तीही सौम्य पेयांपुरती. आयर्लंडमध्ये गेलिक क्रीडा संघटनेच्या हर्लिंग या खेळाच्या स्पर्धेला १९९५पासून गिनेस या बिअर कंपनीचं प्रायोजकत्व होतं. बऱ्याच वर्षांच्या वादानंतर ते २०१३मध्ये संपलं. पुढे २०१८च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानं खेळाच्या मैदानावर सामन्यादरम्यान दारूची जाहिरात करायला आणि मुलांच्या स्पर्धांना दारू कंपनीनं पैसा द्यायला बंदी आणली. हर्लिंगची स्पर्धा यानंतर बंद पडली नाही. ती आजही आयर्लंडमधली सर्वांत लोकप्रिय स्पर्धांपैकी एक आहे.

ऑस्ट्रेलियातला पुरावा

या विषयावरचा सर्वांत भक्कम पुरावा ऑस्ट्रेलियातून येतो. तिथे २०००पासून ‘गुड स्पोर्ट्स’ नावाचा कार्यक्रम चालतो. सामुदायिक क्लबांनी बार बंद करावेत असा त्याचा आग्रह नाही, बार कसा चालवायचा याचे नियम पाळावेत एवढाच आहे. दारू देणाऱ्या माणसानं प्रशिक्षण घेतलेलं असावं, नशेत असलेल्याला आणखी देऊ नये, बक्षीस म्हणून बाटली देऊ नये, स्वस्तातल्या दारूच्या वेळा जाहीर करू नयेत, पोटभर जेवण आणि बिनदारूची पेयं कायम मिळावीत आणि घरी सुखरूप पोचण्याची सोय असावी.

न्यू साउथ वेल्समध्ये या उपायांची रीतसर चाचणी झाली. वेगवेगळ्या प्रकारचे फुटबॉल खेळणारे ८८ सामुदायिक क्लब निवडून त्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटात नियम राबवले, दुसऱ्यात नेहमीचा कारभार चालू ठेवला. काही हंगामांनंतर पाहिलं, तेव्हा नियम पाळणाऱ्या क्लबांच्या सभासदांमध्ये धोकादायक प्रमाणात पिण्याचं प्रमाण कमी झालेलं आढळलं. पण क्लबच्या चालकांची धास्ती वेगळी होती. नियम लावले की लोक पाठ फिरवतील, गल्ला आटेल आणि क्लब बंद पडेल, असं त्यांना वाटत होतं. याच क्लबांची सभासदसंख्या आणि उत्पन्न तपासलं, तेव्हा नियम पाळणारे क्लब इतरांपेक्षा मागे पडलेले दिसले नाहीत. ‘दारू गेली तर क्लब गेला’ हे वाक्य जगभरच्या क्लबांच्या सभांमध्ये शपथेवर सांगितल्यासारखं बोललं जातं. निदान ‘दारू आवरली तर क्लब गेला’ हे तरी खोटं ठरलं आहे.

महाराष्ट्राचा कायदा काय सांगतो

आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. आता त्याचं नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. मूळ तत्त्व बंदीचं आणि परवाना हा अपवाद, अशी त्याची रचना आहे. म्हणून तर कागदोपत्री पिणाऱ्यालाही परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना ५ रुपयांत मिळतो आणि आजीवन परवाना १,००० रुपयांत. राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदातलं दारूबंदीचं मार्गदर्शक तत्त्वही याच्या पाठीशी आहे.

क्लबांसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा ‘एफएल-४’ हा स्वतंत्र परवाना असतो. परमिट रूमचा परवाना ‘एफएल-३’. पण क्लबचा परवाना मिळवायला रीतसर नोंदणी, सभासदांची यादी, स्वतःची वास्तू आणि नेमानं भरायचं परवाना शुल्क लागतं. शाळा आणि प्रार्थनास्थळांपासूनच्या अंतराची अट असते. ज्या संघाची सारी मालमत्ता दोन जाळ्या, आठ चेंडू आणि एका सभासदाच्या घराच्या गॅलरीत ठेवलेली किटबॅग एवढीच असते, त्याच्यासाठी हा रस्ता मुळात नाहीच.

यापेक्षा मोठा अडसर वयाचा आहे. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ आणि बाकीच्या मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे. आपल्या वस्तीतल्या फुटबॉल संघातली पोरं साधारण बारा ते चोवीस या वयातली असतात. म्हणजे क्लबनं बार काढलाच, तर ज्यांच्यासाठी क्लब आहे त्यांच्यातल्या बहुतेकांना तिथे कायद्यानं पिता येणार नाही. असा बार बाहेरच्या लोकांसाठी चालेल आणि खेळाडू तिथे पिणाऱ्यांच्या सावलीत वाढतील. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात ही मर्यादा १८ वर्षांची आहे. त्यामुळे तिथलं गणित जसंच्या तसं इथे आणता येत नाही.

अपवाद आहे तो जिमखान्यांचा. १८७५चा बॉम्बे जिमखाना, मरीन ड्राइव्हवरचे पारशी, हिंदू, इस्लाम आणि कॅथलिक जिमखाने या संस्था ब्रिटिश काळात मिळालेल्या मोक्याच्या जमिनींवर उभ्या राहिल्या. मुंबईच्या खेळाचा पाया त्यांनी घातला हे नाकारता येणार नाही. पण अशा संस्थांचं सभासदत्व महाग आणि मर्यादित असतं आणि बारचं उत्पन्न सभासदांच्या उपाहारगृहाशी जोडलेलं असतं. सभासदांना क्लबनं खाणं-पिणं दिलं तर ती ‘विक्री’ ठरते का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१९च्या कलकत्ता क्लब खटल्यात निकाल क्लबच्या बाजूनं लागला. हे सारं श्रीमंत संस्थांच्या पातळीवरचं अर्थकारण आहे. ऐरोलीच्या दिवा गावातल्या किंवा राबाड्यातल्या मंडळाशी त्याचा संबंध नाही.

मागच्या दारानं येणारा पैसा

पुढचं दार बंद असलं की मागचं उघडतं. भारतात दारूची थेट जाहिरात करता येत नाही, म्हणून कंपन्या सोडा, बाटलीबंद पाणी, संगीताच्या सीडी यांच्या नावानं आपला ब्रँड लोकांसमोर ठेवतात. १९९८मध्ये युनायटेड ब्रुअरीज समूह कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या क्लबांत भागीदार झाला आणि क्लबांच्या नावांआधी ‘मॅकडॉवेल’ आणि ‘किंगफिशर’ ही नावं लागली. पैसा आला, परदेशी खेळाडू आले. पुढे त्या समूहाच्या प्रमुखाचा उद्योग अडचणीत आला, करार सुटले आणि दोन्ही क्लबांना नवा पोशिंदा शोधत फिरावं लागलं. शतकाचा इतिहास असलेल्या क्लबांची ही अवस्था, तर गल्लीतल्या क्लबचं काय होणार? २००८मध्ये आयपीएलच्या बंगळूर संघाचं नावही एका व्हिस्कीच्या ब्रँडवरून पडलं. आज शाळकरी मुलं ते नाव छातीवर मिरवतात आणि ते कुठून आलं हे त्यांच्या गावीही नसतं.

वस्तीच्या पातळीवर हेच चित्र छोट्या आकारात दिसतं. स्पर्धा ठरली की मंडळाचे कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन निघतात. किराणा दुकान, मेडिकल, इस्टेट एजंट, बिल्डर, नगरसेवक आणि मग वाइन शॉप किंवा परमिट रूम. शेवटच्या दोघांची पावती बऱ्याचदा सर्वांत मोठी असते. ते कमानीवर नाव मागतातच असंही नाही. त्यांना वस्तीत सद्भावना हवी असते, उद्या दुकानाविरुद्ध सह्यांची मोहीम निघाली तर तरुण मंडळ गप्प बसावं एवढीच अपेक्षा असते. महाराष्ट्रात २००८पासून महिला मतदारांच्या मागणीवर दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येतं. बंदीच्या बाजूची ‘आडवी बाटली’ जिंकली तर दुकान बंद. नवी मुंबईतच खारघरच्या रहिवाशांनी आपला नोड दारूमुक्त ठेवण्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला आहे. अशा लढ्यात वस्तीतल्या खेळाडू पोरांनी आई-बहिणींच्या बाजूनं उभं राहायला हवं. दारूविक्रेत्याच्या देणगीनं त्यांची जीभ बांधली जाते आणि या पैशाची खरी किंमत तीच आहे.

दुसरं दार विजयाच्या रात्रीचं. रोख बक्षीस हातात पडलं की त्यातला काही भाग त्याच रात्री ‘बसण्यात’ जातो. क्लबच्या जमाखर्चात त्याची नोंद कुठेच नसते. पण पुढच्या महिन्यात चेंडू घ्यायला पैसे नसतात, आणि संघात नव्यानं आलेल्या सोळा वर्षांच्या पोराची पहिली बाटलीही बऱ्याचदा त्याच रात्रीची असते.

कोल्हापूर, गोवा, मुंबई: तीन धडे

बारशिवाय फुटबॉल जगवण्याचं सर्वांत मोठं मराठी उदाहरण कोल्हापूर आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींच्या नावानं संघ खेळतात. शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग शाहू स्टेडियमवर भरते आणि पेठा तिथे लोटतात. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा आणि मारुतीचं ठाणं. तिथे बारचा विचारच कुणाला सुचत नाही. पैसा पेठेच्या वर्गणीतून, स्पर्धांच्या तिकिटांतून, बक्षिसांतून आणि नेत्यांच्या नावाच्या चषकांतून येतो. यातले दोषही दिसतात. नेत्यांवरचं अवलंबन वाढतं, खेळाडू बाहेरून आणण्याची चढाओढ लागते, समर्थकांत हाणामाऱ्या होतात. पण संघ पिढ्यान्‌पिढ्या टिकले आहेत, कारण त्यांना पेठ आहे आणि शहराच्या मधोमध मैदान आहे. २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

गोव्यात चर्चसमोरचं मैदान आणि त्याच्या कडेची ताव्हेर्न, म्हणजे छोटा बार, हे गावाच्या जीवनाचेच भाग आहेत. पण तिथलाही मोठा फुटबॉल ताव्हेर्नच्या गल्ल्यावर वाढला नाही. धेंपो, साळगावकर, सेसा यांसारख्या संघांच्या मागे खाण उद्योगाचा पैसा होता. २०१६मध्ये राष्ट्रीय महासंघाशी मतभेद झाल्यावर धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले. गावचे संघ मात्र खेळत राहिले, कारण मैदान गावाचं होतं.

मुंबईनं तिसरा धडा दिला. कूपरेजवर कधीकाळी मफतलाल, ऑर्के मिल्स यांचे संघ गाजत. गिरण्या आणि कंपन्यांचे दिवस फिरले तसे संघ विरले. राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र युनायटेड २०१०मध्ये कंपनीच्या एका निर्णयानं बंद झाला. पोशिंदा दारूचा असो, खाणीचा असो की कापडाचा, एकाच हातावर जगणारा क्लब त्या हाताबरोबरच जातो.

ऐरोलीत अडतं कुठे

ऐरोलीचा नकाशा पाहिला तर पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला ठाणे-बेलापूर पट्ट्यातली एमआयडीसी आणि आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती, मधे सिडकोनं आखलेले सेक्टर आणि त्यांच्यात ऐरोली, दिवा, राबाडा ही आगरी-कोळ्यांची जुनी गावं. कबड्डी आणि टेनिस चेंडूचं क्रिकेट इथे गावागावांत रुजलेलं आहे. फुटबॉल सेक्टरमधल्या पोरांनी आणला. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकातली स्पेन आणि मालीची उपांत्य लढत झाली, २०२२मध्ये त्याच वयोगटातल्या मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. जगाचा फुटबॉल नवी मुंबईत आला, पण सेक्टरमधल्या संघाला सरावाला जागा मिळाली नाही.

अशा संघाची हिशेबाची वही उघडली की काय दिसतं? चेंडू, जाळी, रेषा मारायला चुन्याची पोती, पंचांचं मानधन, पाण्याचे जार, सामन्यानंतरचे वडापाव, स्पर्धेची प्रवेश फी, रिक्षा-टेम्पोचं भाडं, प्रथमोपचाराची पेटी. यातला एकही खर्च वस्तीच्या वर्गणीतून भागणार नाही असा नाही. वही कोलमडते ती एकाच ओळीवर. ती ओळ मैदान भाड्याची. महापालिकेचं मैदान स्पर्धा, लग्न, मेळावे आणि उत्सवांमध्ये अडकलेलं असतं. शाळेचं मैदान संध्याकाळी कुलूपबंद. मग उरतं ते जाळी लावलेलं कृत्रिम गवताचं टर्फ, जिथे तासाला पैसे मोजावे लागतात. आठवड्यातून तीन दिवस सराव करायचा तर टर्फचं भाडं बाकीच्या सगळ्या खर्चाला गिळून टाकतं. परदेशी क्लबला बारची गरज ज्या खर्चांसाठी पडते, त्यातला मोठा वाटा मैदानाचा आणि वास्तूचाच असतो. तो खर्च सार्वजनिक झाला तर बारचं कारणच उरत नाही.

शेजारच्या घणसोलीनं हे फार कडू रीतीनं दाखवलं. शासकीय क्रीडा संकुलासाठी राखलेली तिथली सुमारे २० एकर जागा निवासी-व्यापारी बांधकामाकडे वळवली गेली आणि संकुल शंभराहून अधिक किलोमीटर लांब, रायगडच्या माणगाव तालुक्यातल्या नाणोरे इथे नेण्याचा निर्णय झाला. नवी मुंबईतलं पोर सरावासाठी माणगावला कसं जाणार, हे कुणी विचारलं नाही. वास्तुविशारदांच्या संघटनेनं न्यायालयात धाव घेतली. जुलै २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हा निर्णय रद्द केला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही उरलीसुरली मोकळी जागा बिल्डरांकडे जाण्याच्या प्रवृत्तीवर कडक शब्दांत बोट ठेवलं. नवी मुंबईच्या हौशी खेळासाठी हा लढा कुठल्याही प्रायोजकाच्या धनादेशापेक्षा मोलाचा आहे.

मग पैसा कुठून?

पहिला स्रोत कंपन्यांचा. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करावी लागते. ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षण त्या यादीत आहे. ऐरोलीच्या दारात एवढ्या कंपन्या असताना हा पैसा इथल्या पोरांपर्यंत का पोचत नाही? कारण तो घेणारी संस्था नोंदणीकृत लागते, १२ए आणि ८०जी या प्राप्तिकर नोंदी लागतात, सीएसआर-१ नोंदणी लागते, तीन वर्षांच्या कामाचा दाखला लागतो. बहुतेक संघांकडे यातलं काहीच नसतं. चार-पाच संघांनी मिळून एकच न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवला, दरवर्षी लेखापरीक्षण केलं आणि जमाखर्च मैदानाच्या फलकावर लावला, तर तीन वर्षांत हे दार उघडू शकतं.

दुसरा स्रोत राज्याच्या तिजोरीतला. दारूचा पैसा क्लबनं घेऊ नये, पण राज्य तो घेतच असतं. जून २०२५मध्ये महाराष्ट्रानं मद्यावरचं उत्पादन शुल्क मोठ्या प्रमाणात वाढवलं आणि त्यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील असा अंदाज मांडला. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यानं १९८७मध्ये तंबाखूवर अधिभार लावून ‘व्हिकहेल्थ’ ही संस्था उभी केली आणि तिच्या पैशातून सिगारेट कंपन्यांचं खेळातलं प्रायोजकत्व बदलून घेतलं. थायलंड २००१पासून दारू-तंबाखूवरच्या करावर २ टक्के अधिभार लावून आरोग्य प्रसाराचा निधी चालवतो. महाराष्ट्रानं नव्या शुल्काचा अगदी छोटा, ठरावीक हिस्सा वस्तीच्या मैदानांसाठी राखून ठेवावा. यावर एक रास्त आक्षेप आहे. खेळ दारूच्या कराशी बांधला, तर शासनाला दारू जास्त विकली जावी असं वाटू लागेल. पण तो लोभ शासनाला आजही आहेच. फरक एवढाच पडेल की पैसा कोणत्याही दुकानदाराच्या नावाशिवाय, कुणाची जीभ न बांधता, थेट मैदानापर्यंत जाईल.

तिसरा भाग क्लबांनी स्वतःच्या हातानं करायचा. दारूविक्रेत्याची देणगी घ्यायची नाही. बक्षिसाची रक्कम रोख न घेता क्लबच्या बँक खात्यात जमा करायची. अल्पवयीन खेळाडू असलेल्या कुठल्याही क्लबच्या कार्यक्रमात बाटली उघडायची नाही. हे तीन नियम संघाच्या पहिल्या ठरावात लिहिले, तर त्यासाठी कुठल्याही परवान्याची गरज नाही, आणि ऑस्ट्रेलियाचा अनुभव पाहता त्यानं क्लब बुडण्याची भीतीही बाळगायला नको.

आणि या सगळ्याच्या आधी नवी मुंबई महापालिकेनं प्रत्येक नोडमध्ये निदान एक मैदान वर्षभर फक्त खेळासाठी राखावं, त्याचं वेळापत्रक जाहीर करावं आणि वस्तीतल्या नोंदणीकृत संघांना ते नाममात्र शुल्कात द्यावं. भूखंड मिळालेल्या शाळांनी आपली मैदानं संध्याकाळी उघडावीत यासाठी पाठपुरावा करावा. घणसोलीच्या जागेवर संकुल उभं राहावं यासाठी ऐरोलीच्या पालकांनी आणि खेळाडूंनी आवाज उठवावा. फुटबॉल हा गरीब मुलाला परवडणारा खेळ आहे. त्याला लागतो एक चेंडू आणि मोकळी जागा. चेंडू वर्गणीतून येतो. जागा देणं हे शासनाचं काम आहे आणि तेच आपण त्याच्याकडून मागून घेतलं पाहिजे.